'आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे' : चूक इंग्रजीची की मराठीची?

खडूवाली | १२ जून, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

परळला आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेआठ ते दहा मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. फी नाही, सर्टिफिकेटही नाही. चौदा-पंधरा जण येतात. हॉस्पिटलात काम करणारे दोन वॉर्डबॉय, एक कुरिअरवाला, ब्लाउज शिवणाऱ्या दोघी काकू, इंटरव्ह्यूत दोनदा अडकलेली एक मुलगी, आणि नातवाशी बोलता यावं म्हणून आलेले एक निवृत्त कंडक्टर. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीसुद्धा.

यातले बहुतेक जण पाचवीपासून इंग्रजी शिकलेले. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २०००मध्ये, ही मंडळी त्याआधीची. टेन्सचे बारा तक्ते त्यांना माझ्याहून पाठ आहेत. पास्ट परफेक्ट म्हटलं की मागच्या बाकावरून उत्तर येतं, 'हॅड प्लस थर्ड फॉर्म!' आणि तरी 'काल दिसला नाहीत?' असं इंग्रजीत विचारलं की कुरिअरवाला म्हणतो, 'आय हॅड गॉन टू पुणे.'

पहिले दोन महिने मी नुसती दुरुस्त करत होते. हॅड गॉन नाही, वेन्ट. तो मान डोलवायचा आणि पुढच्या वाक्यात पुन्हा हॅड. मग एकदा बसने घरी येताना डोक्यात आलं की त्याचं वाक्य बरोबरच आहे, फक्त मराठीत. 'काल मी पुण्याला गेलो होतो.' आता 'होतो' काढून बघा. 'काल मी पुण्याला गेलो' एवढंच बोलून गप्प बसलं, तर ऐकणारा थांबून राहतो. बरं, मग? पुढे काय झालं? आपल्याकडे 'होतो' आलं की गोष्ट मिटते, माणूस जाऊन परत आला, विषय संपला. इंग्रजीत नेमकं उलटं. 'वेन्ट' म्हटलं की गोष्ट मिटली, आणि 'हॅड गॉन' म्हटलं की समोरचा वाट बघत बसतो, कशाच्या आधी गेला होतास?

हे कळल्यावर मी तक्ता बंद केला. हॉलमध्ये गणपतीच्या सजावटीची दोरी होती, ती खिडकीपासून दारापर्यंत बांधली. चिठ्ठ्यांवर घटना लिहून चिमट्याने लावायच्या, आधीची खिडकीकडे, नंतरची दाराकडे. 'ट्रेन सुटली.' 'मी दादरला पोचलो.' क्रमाने सांगितलं तर दोन्ही साधे भूतकाळ, कुणालाच हॅड नको. पण नंतरची आधी सांगितली, 'व्हेन आय रीच्ड दादर', की मागे उरलेल्या चिठ्ठीला हॅड लागतो, 'द ट्रेन हॅड लेफ्ट'. दोरीवर एकच चिठ्ठी असेल तर हॅड कशाला? आता कुणी उगाच हॅड लावला की अख्खा वर्ग ओरडतो, 'दुसरी गोष्ट कुठाय?' मला तोंड उघडावं लागत नाही.

हे एक जमलं. 'सिन्स टू इयर्स' जमत नाही, आणि ए-ॲन-द म्हणजे तर रोजचं रडगाणं. तुम्ही कुणी शिकवता का? काय करता?

---

ठाणे_स्लो | १२ जून, रात्री ११:१५

दोरीची आयडिया भारी! वाचनखूण साठवली.

सिन्सबद्दल. मी शिक्षक नाही, पण ऑफिसातल्या नव्या पोरांचे मेल तपासतो, त्यामुळे भोगलंय. आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं, 'सोमवारपासून' आणि 'दोन दिवसांपासून'. माझी युक्ती अशी की 'पासून' पुसून बघा. 'दोन दिवस ताप आहे' चालतं ना? मग तिथे 'फॉर'. 'सोमवार ताप आहे' चालत नाही, म्हणजे 'सिन्स'. नव्वद टक्के काम होतं.

चित्रच हवं असेल तर सेंट्रलचा नकाशा काढा. परळ, दादर, माटुंगा, सायन, कुर्ला. स्टेशनचं नाव म्हणजे सिन्स, दोन स्टेशनांमधली मिनिटं म्हणजे फॉर.

---

खडूवाली | १२ जून, रात्री ११:३१

पासून पुसून! उद्याच फळ्यावर लिहिते. आमच्याकडे दोघे हिंदीभाषक आणि एक गुजराती काकू आहेत. त्यांचं 'दो साल से' आणि 'बे वरसथी' असंच दोन्हीकडे चालणारं, म्हणजे रोग एकच. पुसायची युक्ती त्यांच्या भाषेत चालते का ते त्यांनाच शोधायला लावते.

---

तिरकस | १३ जून, सकाळी ९:०२

एक मूलभूत शंका. अख्खी मुंबई 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणते आणि अख्ख्या मुंबईला ते कळतं. साहेब १९४७ला गेला. मग कुरिअरवाल्याला पुण्याहून हॅड गॉन करून येऊ द्या की सुखाने. (ह. घ्या.)

---

खडूवाली | १३ जून, दुपारी १:२०

तिरकस, हलकेच घेतलं, पण उत्तर देते. मीही सगळं दुरुस्त करत नाही. 'आय केम टुडे ओन्ली' मला गोडच वाटतं. आपल्या 'आजच'मधला 'च' तो बिचारा कुठेतरी ठेवणारच ना? इंग्रजीत तो 'च' बहुतेक वेळा आवाजात असतो, टुडे या शब्दावर जोर दिला की झालं. तेवढं दाखवते आणि सोडून देते.

हॅडचं तसं नाही. आमच्या कुरिअरवाल्याने फोनवर परदेशातल्या एका बाईंना सांगितलं, 'आय हॅड डिलिव्हर्ड इट.' त्या म्हणाल्या, 'अँड देन?' याला वाटलं आपल्यावर संशय घेतायत, तो चिडला. त्या बाई फक्त पुढच्या वाक्याची वाट बघत होत्या. ज्या चुकीने माणूस गोत्यात येतो ती आधी काढायची, बाकीच्या रांगेत उभ्या.

---

अनुस्वार | १३ जून, संध्याकाळी ६:४५

ताई, तीस वर्षं महापालिकेच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. थोडं लांबलं तर माफ करा.

'आय ॲम हॅविंग'चं मूळ वर कुणी सांगितलं नाही. मराठीत 'हॅव' हे क्रियापदच नाही. आपण 'आहे'वर सगळं भागवतो आणि फरक नामाच्या बाजूला दाखवतो. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे गाडी आहे. माझ्याजवळ सुटे आहेत. माझं दुकान आहे. मला ताप आहे. मी ही पाचही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहायचो आणि पोरांना विचारायचो, इंग्रज यातलं किती वेगळं बोलतो? कुणी पाच म्हणायचं, कुणी तीन. मग पाचही पुसून 'आय हॅव' एकदाच लिहायचो. पोरांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा तो एखाद्याचं कर्ज माफ झाल्यासारखा! व्याकरणात काहीतरी *कमी* शिकायला मिळतंय हे त्यांना पहिल्यांदाच भेटायचं.

तसंच 'मला'चं. मला भूक लागली, मला आवडतं, मला पोहता येतं, मला आठवतं. आपल्याकडे भूक येऊन *मला* लागते, मी नुसता बसलेला. इंग्रजीत त्याला उठवून पुढे उभा करावा लागतो. आय ॲम हंग्री, आय लाइक, आय कॅन स्विम, आय रिमेंबर. एक मुलगा 'टू मी हंगर केम' म्हणाला होता. मी हसलो नाही, कारण 'मला भूक लागली'चं शब्दाला शब्द भाषांतर त्याने चोख केलं होतं.

आता 'डज ही गोज'. यावर माझा रामबाण आहे. तीन मुलं उभी करा. एक 'ही', एक 'गो', तिसरा 'डू'. 'एस' लिहिलेला मोठा पुठ्ठा एकच. साध्या वाक्यात पुठ्ठा 'गो'च्या हातात, ही गोज. प्रश्न विचारायचा की 'डू' धावत सगळ्यांच्या पुढे येतो आणि येता येता 'गो'च्या हातातला पुठ्ठा *हिसकावतो*. डज ही गो? पुठ्ठा एकच आहे, दोघांना कसा मिळेल? भूतकाळात तेच, 'डिड' येतो आणि 'वेन्ट'चा भूतकाळ काढून घेतो, मागे उरतो कोरा 'गो'. हिसकावताना पुठ्ठे फाटायचे, दर वर्षी नवे करायचो.

शेवटचं. वर्गात 'समजलं का?' हा प्रश्न कधीही विचारू नका. उत्तर 'हो'च येतं. आम्हीही प्रशिक्षणात तेच केलं. त्याऐवजी अर्थ तपासणारे छोटे प्रश्न विचारा. 'ही हॅज गॉन टू दादर' शिकवलंत? मग विचारा, तो आत्ता इथे आहे का? परत आला का? 'ही हॅज बीन टू दादर' असेल तर तेच प्रश्न पुन्हा. उत्तरं बदलली तर समजलंय.

---

पाणीपुरी_कमी_तिखट | १३ जून, संध्याकाळी ७:१०

अनुस्वार सर, +१००. पुठ्ठा हिसकावणं आज रात्रीच घरी मुलीवर ट्राय करणार. नवऱ्याला 'डू' करते, तो नाहीतरी कधी धावत नाही.

---

मीच_ती | १४ जून, सकाळी ११:३३

उच्चारांवर कुणी बोललं नाही म्हणून मध्ये पडते. मी ट्रेनर होते, फोनवर बोलणाऱ्यांना तयार करायचे.

आपल्या 'व'ला इंग्रजीत दोन घरं आहेत. व्हेस्ट म्हणजे बनियन, वेस्ट म्हणजे पश्चिम, आणि आपण दोन्ही मधल्या एकाच 'व'ने म्हणतो. आरसा द्या हातात. पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले *दिसले* पाहिजेत. दुसऱ्यासाठी आधी 'ऊ' म्हणायला लावा आणि तिथून घसरा, ऊ-एस्ट, वेस्ट. दात अजिबात नाहीत.

दुसरं, ऱ्हस्व-दीर्घ. लिहिताना आपण पहिली-दुसरी वेलांटी सांभाळतो, बोलताना फारसं नाही. 'आय लिव्ह इन परळ' आणि 'आय लीव्ह परळ' यांत घर राहतं की सुटतं एवढा फरक आहे! 'लीव्ह' म्हणताना ओठ फोटो काढताना ताणतात तसे ताणायचे.

तिसरं, 'टॉक्ड'ला 'टॉकेड' म्हणणं. गळ्यावर बोट ठेवा. शेवटचा आवाज घुमत नसेल (टॉक, वॉश, स्टॉप) तर पुढे 'ट'. घुमत असेल (प्ले, कॉल, क्लीन) तर 'ड'. आणि शब्द आधीच ट-डने संपत असेल (वॉन्ट, नीड) तरच 'इड'. तीन ओळींत संपतं, पण बोटं गळ्यावर महिनाभर ठेवावी लागतात.

---

बाकावरचा_शेवटचा | १४ जून, दुपारी ३:०५

चर्चा छान, पण मला मुळातच पटत नाहीये. पुन्हा सगळं नियमांवरच चाललंय, फक्त तक्त्याऐवजी दोरी आणि पुठ्ठा. आपल्याच देशात १९७९ ते १९८४ एन. एस. प्रभूंनी दक्षिणेतल्या शाळांत बंगलोर प्रकल्प चालवला. व्याकरण शिकवायचंच नाही. नकाशे, रेल्वेचं वेळापत्रक असलं काही द्यायचं आणि कोडं सोडवायला लावायचं. आधी एक काम शिक्षकाबरोबर फळ्यावर सगळ्यांनी मिळून, मग तसंच दुसरं ज्याचं त्याने. डोकं अर्थात गुंतलं की भाषा मागच्या दाराने आत येते, असा त्यांचा दावा होता. जगभर आज टास्क म्हणून जे चालतं त्याचा एक उगम तिथे आहे.

तुमचा वर्ग परळमध्ये. हातात लोकलचं टाइमटेबल आहे. 'साडेदहाला ठाण्यात पोचायचंय, मध्ये कुर्ल्याला उतरून दहा मिनिटं काम आहे, कुठली गाडी पकडशील?' अर्धं टाइमटेबल एकाकडे, उरलेलं दुसऱ्याकडे, एकमेकांना दाखवायचं नाही, इंग्रजीतच विचारायचं. दोरी लागणार नाही.

---

खडूवाली | १४ जून, रात्री १०:५५

टाइमटेबलचा खेळ आज लगेच करून बघितला. वर्गात इतका आवाज यापूर्वी झाला नव्हता, कॅरमवाले बघायला आले. दादा तर उठून उभे राहिले.

पण खरं सांगू? ते बोलत होते, 'नाइन टेन फास्ट? कुर्ला स्टॉप? नो? ओके, नाइन फिफ्टीन.' काम झालं, गाडी मिळाली, वाक्य एकही झालं नाही. कामापुरती भाषा त्यांच्याकडे आधीच आहे हो, फलाटावर आणि फोनवर रोज तेवढ्यावरच भागतं. शाळकरी मुलांकडे वेळ असतो. माझ्याकडे आठवड्याचे साडेचार तास, आणि समोर चाळिशीची माणसं, ज्यांना 'का?' हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी आधी खेळ, मग त्यातलं अडलेलं एक वाक्य दोरीवर, आणि मग तोच खेळ पुन्हा, असं करणार. दुसऱ्या फेरीत 'डज इट स्टॉप ॲट कुर्ला?' असं पूर्ण विचारलं नाही तर उत्तर द्यायचं नाही.

---

बाकावरचा_शेवटचा | १४ जून, रात्री ११:२०

दुसरी फेरी मान्य. दोरीबद्दल माझं मत राखून ठेवतो.

---

तिरकस | १५ जून, सकाळी ८:५०

ए-ॲन-द राहिलं की. लोकलमध्ये रोज ऐकतो, 'नेक्स्ट स्टेशन, दादर.' तिथे कुठाय 'द'? रेल्वेला चालतं, आम्हाला का नाही?

---

ठाणे_स्लो | १५ जून, सकाळी ९:१४

घोषणा, पाट्या आणि पेपरातले मथळे यांना सूट असते. तुम्ही घोषणा आहात का?

---

अनुस्वार | १५ जून, सायंकाळी ५:३०

आर्टिकलवर मी वीस वर्षं चुकीचं शिकवलं, ते कबूल करतो. 'मराठीत आर्टिकल नाहीत, म्हणून पाठ करा' असं सांगायचो. शब्द नाहीत हे खरं, पण त्यामागचा विचार मराठीत आहे. ही दोन वाक्यं बघा.

टेबलावर पुस्तक आहे.
पुस्तक टेबलावर आहे.

पहिल्यात कुठलंतरी एक पुस्तक, तुम्हाला नवीन खबर. दुसऱ्यात ते, ज्याबद्दल आपण बोलतोय. पहिलं 'देअर इज अ बुक ऑन द टेबल', दुसरं 'द बुक इज ऑन द टेबल'. आपण जागा बदलून जे सांगतो ते इंग्रज शब्द लावून सांगतो. आणखी एक. 'मी डॉक्टर शोधतोय', कुणीही चालेल. 'मी डॉक्टरला शोधतोय', तो एक विशिष्ट, बहुधा वॉर्डात सापडत नसलेला. अ डॉक्टर, द डॉक्टर. तुमच्या वॉर्डबॉयना हे एका क्षणात कळेल.

म्हणजे नियम आधी मराठीतून काढून घ्यायचा. मग 'अवर'ला 'ॲन' का आणि 'युनिव्हर्सिटी'ला 'अ' का, ही कानाची गोष्ट. स्पेलिंग बघायचं नाही, पहिला आवाज ऐकायचा.

---

मीच_ती | १५ जून, रात्री ९:०५

सर, डॉक्टरलाचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. इतकी वर्षं ट्रेनिंग दिलं आणि हे आपल्याच भाषेत पडलेलं होतं!

नावांचं तेवढं पाठच करावं लागतं. शहरं आणि वस्त्या बिनटोपीच्या, परळ, दादर, मुंबई. समुद्र आणि नद्यांना 'द', द अरेबियन सी, द मिठी. तलावाला मात्र नाही, पवई लेक. आणि 'ऑफ' असलेल्या नावांना बहुधा 'द', द गेटवे ऑफ इंडिया. वॉर्डबॉयसाठी एक जपून सांगा. ब्रिटिश इंग्रजीत 'ही इज इन हॉस्पिटल' म्हणजे तो ॲडमिट आहे. कामाला असेल तर 'ही वर्क्स इन अ हॉस्पिटल'.

---

खडूवाली | २९ जून, रात्री ११:०२

धागा वर काढतेय. मध्ये पावसाने चार वर्ग बुडाले, हॉलमध्ये पाणी.

पुस्तक-टेबल खरोखर करून दाखवलं. डॉक्टर-डॉक्टरलाला दोघे वॉर्डबॉय असे हसले की बाकीच्यांना विचारावं लागलं काय झालं. इंटरव्ह्यूवाल्या मुलीने 'पासून' पुसून सहा वाक्यं एका दमात बरोबर सांगितली.

आणि आज कुरिअरवाला उठला, आपणहून. म्हणाला, 'व्हेन आय रीच्ड होम, माय वाइफ हॅड स्लेप्ट.' सगळ्यांनी सवयीने तोंड उघडलं, 'दुसरी गोष्ट...' आणि मिटलं. दुसरी गोष्ट होती! टाळ्या. ब्लाउजवाल्या काकूंनी विचारलं, 'अँड फूड?' तो म्हणाला, 'शी हॅड केप्ट द फूड ऑन द टेबल.' दोन्ही 'द' जागच्या जागी. मी खडू खाली ठेवला.

---

बाकावरचा_शेवटचा | २९ जून, रात्री ११:१९

अभिनंदन, मनापासून. पण 'हॅड स्लेप्ट' नाही ना? 'वॉज अस्लीप' हवं.

---

खडूवाली | २९ जून, रात्री ११:४०

हो, आणि तेच घरी येईपर्यंत डोक्यात घोळतंय. 'बायको झोपली होती.' 'ती खुर्चीत बसली होती.' 'दादा दारात उभे राहिले होते.' यातलं एकही 'आधी घडलेलं' नाहीये, ती त्या वेळची *अवस्था* आहे. वॉज अस्लीप, वॉज सिटिंग, वॉज स्टँडिंग. म्हणजे आपलं 'होती' तिसरंच काहीतरी करतंय, आणि ते माझ्या दोरीवर कुठे टांगायचं ते मला कळत नाहीये. अनुस्वार सर, जागे आहात का?

---

अनुस्वार | ३० जून, पहाटे ५:१०

झोपलो होतो. सांगतो संध्याकाळी.